डाव्या हाताची धार

रनाळ्याच्या उखा न्हाव्याचा उजवा अंगठा एकोणीसशे चौतीस सालच्या पौषात उसाच्या चरकात गेला. चरक त्याचा नव्हता आणि ऊसही त्याचा नव्हता. गुऱ्हाळ लागलं की बलुतेदारांना रस मिळे, आणि रस प्यायला आलेला माणूस उभ्याउभ्या चार कांडी चरकात सारून देई, एवढीच रीत होती. उखा कांडं सारत असताना बैल बिचकले आणि त्यांनी ओढ घेतली. चरकाच्या लोखंडी लाटांनी कांड्याबरोबर अंगठाही आत नेला. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरने त्याचा उरलेला चुरा मुळापासून काढून टाकला. बाकीची चार बोटं वाचली.

जखम भरल्यावर उखाने धोकटी उघडली. कात्री, नखं काढायची नऱ्हाणी, पाण्याची वाटी, पितळी चिमटा, दोन वस्तरे आणि चामड्याचा पट्टा, सगळं जागच्या जागी होतं. त्याने चार बोटांत वस्तरा धरून पाहिला. वस्तरा धरता येत होता, थोडासा ओढताही येत होता. पट्ट्यावर मात्र तो पलटेना.

वस्तऱ्याची गोष्ट तिथेच असते. दाढी घोटून व्हायची तर प्रत्येक माणसाला हात लावण्याआधी वस्तरा पट्ट्यावर परजावा लागतो, आणि परजताना तो मनगटाने पलटत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पात्याची मान धरायची आणि टोकाला पोचलं की चिमटीत ती मान फिरवायची. वस्तरा पाठीवर लोळतो, धार वर येते आणि परतीची फेरी सुरू होते. उखाचा बाप म्हणे, दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. निसण्याच्या ओल्या दगडावर वस्तरा धारेकडून सरकतो, कारण तिथे लोखंड झिजवायचं असतं. चामड्यावर तो पाठीकडून ओढतात, कारण तिथे धार नुसती बसवायची असते. पलटायचं ते पाठीवरूनच. धारेवरून पलटला की चामडं कापलं जातं आणि धारही जाते.

अंगठा नाही म्हणजे चिमटी नाही, आणि चिमटी नाही म्हणजे न्हावी नाही. हे उखाला कुणी सांगावं लागलं नाही.

त्याचा चुलतभाऊ बन्सीलाल शेजारच्या गावी होता. तो समाचाराला आला आणि धोकटीसमोर बसला.

"भाऊ, तू आराम कर. रनाळं मी सांभाळस."

"किती दिन?"

"हात बरा व्हस तोवर."

"अंगठा परत उगत नही, बन्सी," उखा म्हणाला.

बन्सीलाल मनाने वाईट नव्हता. कात्रीचा हात चांगला, गप्पांचा त्याहून चांगला. वस्तऱ्याला धार लावण्याचा मात्र त्याला कंटाळा. घराण्याचा निसणा उखाच्या बापाकडे होता, तो उखाकडे आला. अमावास्येला कुणी हजामत करवून घेत नसे, म्हणून दर अमावास्येला बन्सीलाल आपला वस्तरा घेऊन रनाळ्याला येई, जेवून जाई, आणि उखा त्याला धार लावून देई. असं इतकी वर्षं चाललं होतं की बन्सीलाल दगडावर बसायला कधी शिकलाच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात बलुत्याचं आणि सालदारीचं नवं साल धरतात. त्या वर्षीच्या आखाजीला गाव कडुलिंबाखाली बसलं, तेव्हा वीरसिंग पाटलाने उखाचा विषय काढला. वीरसिंग पाटलाचा शब्द गावात शेवटचा असे. तो आवाज चढवत नसे, पण त्याचं बोलून झाल्यावर दुसरं कुणी बोलतही नसे.

"पुढली आखाजीलोंग बन्सीलाल करी," तो म्हणाला. "तठलोंग तुन्हा हात देखसूत. नही जमनं ते रनाळं त्यानं."

"डावा हात शे ना, आबा," उखा म्हणाला.

"डावा हात तोंडले?" वीरसिंगने चहूकडे पाहिलं. "तो हात कशाले वापरतस, तुले कोनी सांगं नही का?"

सगळे हसले. उखा हसला नाही. त्याच्याजवळ एक वर्ष होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ओसरीच्या खांबाला पट्ट्याचं एक टोक बांधलं. दुसरं टोक उजव्या हाताच्या चार बोटांत गुंडाळून ताणलं आणि वस्तरा डाव्या हातात घेतला. पट्टा ताठ धरायला अंगठा लागत नाही, हा पहिला फायदा. तोटा असा, की डाव्या हाताची बोटं आजवर फक्त गिऱ्हाइकाची कातडी ताणायला शिकली होती. चौथ्या-पाचव्या फेरीलाच वस्तरा धारेवरून पलटला आणि बापाने बारा महिने तेल मुरवून तयार केलेल्या चामड्यात आडवी चीर गेली.

कौसाबाई, त्याची बायको, चुलीजवळून पाहत होती. "आयकतस का, आज ऱ्हाऊ द्या."

"आज ऱ्हायनं ते उद्या बी ऱ्हाई."

संध्याकाळपर्यंत पट्ट्यावर इतक्या चिरा पडल्या की तो परजण्याच्या कामाचा राहिला नाही. चिरेच्या कडेवर धार अडखळते आणि तिला डोळ्यांना न दिसणारे दाते पडतात. उखाने तो पट्टा फेकला नाही आणि जपूनही ठेवला नाही. चिरफाळला होताच, म्हणून त्याच्यावरच शिकायचं ठरवलं. वस्तऱ्याऐवजी त्याने बाभळीची, वस्तऱ्याच्याच रुंदीची एक चपटी पट्टी तासून घेतली. ती चिमटीत धरून तो सकाळी गावात बलुती फिरायला निघायच्या वेळेला बसे आणि उन्हं तापली की उठे. लाकूड पाठीवर पलटलं की आवाज एक येई, धारेवर पलटलं की दुसरा. कौसाबाई आत भाकरी थापता थापता आवाजावरून सांगे, "चुकनं." काही आठवड्यांनी तिचं म्हणणं कमी झालं. मृगाच्या सुमारास ते बंद पडलं.

मग त्याने मोचीकडून म्हशीच्या पाठीचं चामडं आणलं. आतली बाजू काचेच्या बाटलीने घासून सपाट केली, करडईचं तेल लावून उन्हात ठेवली, परत घासली. पट्टा तयार झाला आणि वस्तरा परत हातात आला. आता पलटी बिनचूक बसत होती, तरी वस्तरा धार धरीना. टोकाकडे केस कापला जाई, मुठीकडे नुसता वाके. उखा दोन दिवस पट्ट्याला दोष देत बसला. मग त्याने पातं उन्हात तिरकं धरून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. वीस-एक वर्षं एकाच हाताने दगडावर आणि चामड्यावर दाब दिल्याने पातं त्या हाताच्या वळणाने झिजलं होतं. वस्तरा उजव्या हाताला सवकला होता. तो डावखुरा करायला हवा होता.

तो सगळा पावसाळा त्यात गेला. निसणा पाण्यात भिजवायचा, पातं दगडावर पूर्ण टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागली पाहिजेत, आणि डाव्या हाताने, हलक्या दाबाने, पातं नव्याने सपाट होईपर्यंत सरकवत राहायचं. घाई केली तर लोखंड फुकट झिजतं, आणि झिजलेलं लोखंड परत येत नाही. पावसात ओल लागून एका रात्रीत धारेवर गंजाची तांब चढे, म्हणून काम झालं की तो वस्तरे कोरडे पुसून, तेलाचं बोट फिरवून, चुलीवरच्या शिंक्यात ठेवी. कौसाबाईने दुधाचं भांडं तिथून हलवलं.

श्रावणात वेलाला दुधीभोपळे लागले. कोवळ्या भोपळ्यावर बारीक लव असते आणि सालही नाजूक असते; दाब जरा जास्त झाला की चिकट पाणी येतं. उखा भोपळे ओले करून मांडीवर घेऊन बसू लागला. येणारे-जाणारे थांबून बघत.

"उखाभो, नवरदेव कोन शे?" एकाने विचारलं.

"बसस का त्याना नंतर?"

तो माणूस हसत निघून गेला. आतून कौसाबाई ओरडली, "भोपळानी दाढी झायी व्हई ते भाजी टाकू का?"

भाद्रपदात त्याने ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून, स्वतःची दाढी डाव्या हाताने केली. पहिल्यांदा हनुवटीखाली कापलं. नंतर कापलं नाही. रोज करण्याइतकी दाढी त्याला येत नव्हती, तरी तो रोज करी. लोकांनी बघावं हाच त्यात हेतू होता. लोकांनी बघितलं, गालही गुळगुळीत आहे हे मान्य केलं, आणि दाढी बन्सीलालकडूनच करून घेतली.

कार्तिकात गावात एक म्हातारा वारला. दहाव्याला सगळ्या भाऊबंदांची डोकी करायची होती आणि बन्सीलाल तापाने पडला होता. वीरसिंग पाटलाने निरोप धाडला, उखाला नदीवर बोलवा, सुतकाला डावा हात चालतो.

उखा हरखला. दहा महिन्यांनी पहिल्यांदा गावाचं बोलावणं आलं होतं. एकदा वस्तरा डोक्याला लागला की तोंडाला लागायला वेळ नाही, असा त्याने हिशेब केला. डोकी बरीच होती, म्हणून दोन्ही वस्तरे बरोबर घेतले. नदीकाठी बसून त्याने एकामागून एक डोकी केली. प्रत्येक डोक्याआधी पट्टा झाडाला अडकवून वस्तरा परजला, एक वस्तरा थकला की दुसरा काढला. कुणाला खरचटलं नाही. लोक डोक्यावरून हात फिरवत अंघोळीला गेले.

चूक कोणती झाली ते त्याला आठवडाभरात कळलं. रस्त्याने जाताना एका बाईने लेकराला पदराखाली ओढलं. दुसऱ्या घरी जावळ काढायचं होतं. तिथे तो विचारायला गेला, तर म्हातारीने दारातच हात जोडले. "नको रे भाऊ, तो दहावाना हात शे." डावा हात आतापर्यंत नुसता डावा होता. आता तो मरणाचा झाला होता. दोन्ही वस्तरेही सुतकाचे झाले होते. दहाव्याला गेलेला वस्तरा मांडवात नेत नाहीत. न्हाव्याच्या घरी त्यासाठी एक जुना वस्तरा वेगळा असतो, हे बापाने त्याला बोलायला शिकण्याच्या वयात सांगितलं होतं. कामाच्या हावेपायी तो तेवढंच विसरला.

पौषात दुसरं मरण झालं. पुन्हा निरोप आला. या वेळी उखाने सांगितलं, येणार नाही.

बलुतेदाराने दहाव्याला नाही म्हणणं हे रनाळ्यात कुणी ऐकलं नव्हतं. वीरसिंगने त्याला लिंबाखाली बोलावून घेतलं.

"उखा, दहावाले नही म्हनस? तुन्हा बाप असं कधी बोलना व्हता का?"

"मन्हा बापले नुसतं दहावालेच कोनी बलावं नही, आबा."

"मंग तुन्हं म्हननं काय?"

"हात चालस ते सगळाले चालस. नही चालस ते कशालेच नही."

"आनी आखाजीले?"

"आखाजीले तुम्ही ठरावा. मी आठेच शे."

"अंगठा गया, मस्ती नही गई," वीरसिंग म्हणाला. दहाव्याची डोकी बन्सीलालने येऊन, त्यासाठीच्या वेगळ्या जुन्या वस्तऱ्याने केली. गावात बोललं गेलं की उखाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कौसाबाईच्या भावाने नंदुरबारला स्टेशनाजवळ खुर्ची टाकायचं सुचवलं. तिथे येणारा-जाणारा कुणाचा हात कोणता हे विचारत नाही. उखाने ऐकून घेतलं आणि धार लावायला निसणा भिजत घातला.

फाल्गुनात वीरसिंगच्या मुलाचं, जामसिंगचं, लग्न निघालं. आदल्या दिवशी दुपारी बन्सीलाल आला. जेवला नाही, पाणीही घेतलं नाही, नुसता वस्तरा पुढे केला.

"भाऊ, जरा देख."

उखाच्या अपघातानंतर बन्सीलाल अमावास्येचा यायचा थांबला होता. लाजही होती, आणि उखा आता धार लावू शकत नाही असंही तो धरून चालला होता. वस्तरा तो नंदुरबारच्या बाजारात शिकलगाराकडे देई. शिकलगाराचं कोरडं चाक सुऱ्या-विळ्यांसाठी ठीक असतं. वस्तऱ्याचं पातं त्या चाकावर तापलं होतं. धारेच्या कडेला निळसर झाक आली होती.

"पानी उतरनं याना," उखा म्हणाला. "लोखंड जळी गयं."

"दगडवर बसत नही का?"

"बसस. पन टिकाव नही." त्याने पातं उजेडात फिरवून पाहिलं. "एक गाल करशी तेवढी धार ऱ्हाई. मंग परत पट्टावर. मंग दुसरा गाल."

"तुन्हा एखादा वस्तरा दे मंग."

"ते दोन्ही दहावाले जायेल शेत. तुले माहीत शे."

नवीन वस्तरा आणायला वेळ नव्हता, आणलाच तरी त्याला पहिली धार लावायला दोन दिवस जातात. जामसिंगची दाढी गावात प्रसिद्ध होती. घोड्याच्या खराऱ्यासारखे राठ केस, त्यात गालांवर फुटकुळ्या. आणि मांडवात नवरदेवाच्या तोंडातून रक्त निघालं तर दोन्ही घरच्या बाया वर्षभर बोलत्या.

"धार मी लावस," उखा म्हणाला. "दगडवर आज, घरमा. पट्टावर उद्या, मांडवमा, तुन्हा शेजारे बसीसन."

"आबा काय म्हनी?"

"ते आबाले इचार. मी चोरीसन धार लावनार नही."

बन्सीलालने आबांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या आधी तो मांडवात पाटाजवळ बसला, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर उखा बसला. त्याने मांडवाच्या खांबाला पट्टा बांधला, दुसरं टोक उजव्या हाताला गुंडाळलं आणि थांबला. गर्दीत पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं नाही. न्हावी दोन असले तर चांगलंच, असं पाहुण्यांना वाटलं.

बन्सीलालने जामसिंगची दाढी भरपूर पाण्याने भिजवली, चोळली. पहिला गाल झाला. वस्तरा मऊ सरकला, जामसिंगने डोळे मिटून घेतले होते. मग बन्सीलालने वस्तरा न बघता मागे दिला, उखाने तो डाव्या हातात घेतला आणि पट्ट्यावर पहिली फेरी मारली. चामड्यावरचा तो आवाज ऐकून वीरसिंगने मान वळवली.

"हाऊ आठे काय करी ऱ्हायना?"

बन्सीलाल पुटपुटला, "आबा, धार..."

"डावा हात? मन्हा घरना लगीनमा?"

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. नवरदेवाची मावशी पुढे आली, मागे झाली. उखाचा हात थांबला होता, पण त्याने पट्टा सैल सोडला नव्हता.

"हात मन्हा शे, आबा. नवरदेवना गालले बन्सीना उजवा हात लागी ऱ्हायना," तो म्हणाला. "आनी एक गाल झाया. त्याले हाईच धार लागेल शे, कालनी."

"बन्सीलाल, तुले धार लावता येस का नही?"

"येस, आबा."

"मंग लाव."

बन्सीलालने वस्तरा घेतला. पट्टा त्याने ढिला धरला, त्यामुळे पातं चामड्यात बुडालं आणि धार गोलावली. चार-पाच फेऱ्या मारून त्याने दुसऱ्या गालावर वस्तरा ठेवला. वस्तरा सरकला नाही, अडकला. जामसिंगने त्याचं मनगट पकडलं.

"ओ काका! दाढी करी ऱ्हायना का गवत उपटी ऱ्हायना?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. जामसिंगचा एक गाल उघडा, तेलकट चमकत होता; दुसऱ्यावर काळं रान तसंच होतं. बाहेर वाजंत्री हळदीच्या तयारीने जमायला लागले होते.

"आबा," जामसिंग म्हणाला, "अर्धं तोंड लिसन मी हळदले बसू का?"

वीरसिंगने बाहेरच्या वाजंत्र्यांकडे पाहिलं.

"धार कोनी बी लावो. पन लावा," जामसिंग म्हणाला आणि पाणी निथळतं तोंड घेऊन बसून राहिला.

वीरसिंगने उखाकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि वाजंत्र्यांकडे निघून गेला. ती परवानगी होती की नव्हती हे मांडवात कुणी ठरवलं नाही. उखाने वस्तरा परत घेतला. धार गोलावली होती, त्याला आता पट्टा पुरणार नव्हता. त्याने धोकटीतून निसणा काढला, वाटीतलं पाणी त्यावर ओतलं आणि सगळ्यांच्या देखत दगडावर धार पुढे, मग चामड्यावर पाठ पुढे, सावकाश, एकाही फेरीला घाई न करता, वस्तरा तयार केला. बाया बघत होत्या. पाहुणे बघत होते. त्याने दंडावरचा एक केस धारेवर टेकवला, तो तुटून खाली पडला. मग वस्तरा उघडा, मूठ पुढे करून, बन्सीलालच्या उजव्या हातात दिला.

दुसरा गाल झाला. फुटकुळ्यांवरूनही पातं गेलं आणि रक्ताचा थेंब निघाला नाही. मिशीची कड आणि गळा यांच्या आधी वस्तरा पुन्हा मागे आला आणि पुन्हा पुढे गेला.

लग्न पार पडलं. त्यावरून रनाळ्यात दोन तट पडले. एक म्हणे, उखाने लग्नात डावा हात घातला, जामसिंगच्या संसाराचं बघाच आता. दुसरा म्हणे, धार नवरदेवाच्या गालाला लागली ती कुणाची? वीरसिंग दोन्ही ठिकाणी ऐकून घेई.

आखाजीच्या सकाळी लिंबाखाली गाव बसलं. सुतार, कुंभार, लोहार यांचं झालं आणि न्हाव्याचा विषय आला. वीरसिंगने तोड काढून ठेवली होती. साध्या दाढ्या, डोकी आणि दहावे उखाचे. लग्न, जावळ, सणाची हजामत बन्सीलालची. बलुतं निम्मं निम्मं. "दोन्हीसना पोट भरस," तो म्हणाला. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. बन्सीलालनेही हलवली.

उखा उठून उभा राहिला.

"नको, आबा."

"काय नको?"

"अर्धं. अर्धा हात न्हावीले ऱ्हात नही. दहावाना हात एक आनी लगीनना हात एक, तसं मन्हाकडे दोन हात नहीत. एकच शे." त्याने डावा हात उचलून दाखवला नाही, तो धोकटीवर होता, तसाच राहिला. "सगळं द्यावं, नहीतर सगळं बन्सीनं. मी आजच नंदुरबारले जास. कौसाले सांगेल शे."

"तू गावले धमकाडस का रे?" मागून एकजण म्हणाला.

"धमकी नही, भाऊ. इचारी ऱ्हायनू."

बन्सीलाल खाली बघत होता. वीरसिंगने त्याला विचारलं, "तुन्हं काय म्हननं?"

बन्सीलालने मान वर केली. सोपं उत्तर त्याच्या फायद्याचं होतं; नुसतं गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. "आबा, रनाळं मले मियालं ते मी घेस," तो म्हणाला. "पन वस्तरा मी दर आठ दिनले नंदुरबारलेच लिसन जासू. उखाभाऊ तठे ऱ्हाई. धार मन्हाकडे नही."

लोक हसले, पण या वेळी कुणावर ते स्पष्ट नव्हतं. वीरसिंग हसला नाही. तो बाजेवरून उठला, लिंबाच्या बुंध्याजवळ उन्हाला तोंड करून उकिडवा बसला आणि डोक्यावरचा फेटा काढून शेजाऱ्याच्या हातात दिला. त्याच्या गालांवर चार दिवसांचे पांढरे खुंट होते.

"नवा वस्तरा शे, का दहावाना?"

"नवा, आबा. लगीननंतर नंदुरबारथीन आनेल शे. अजून कोनले लावेल नही."

"गाल कापाई गया ते देख."

"हालू नका," उखा म्हणाला.

त्याने पट्टा लिंबाच्या खालच्या फांदीला बांधला. वस्तरा परजला. मग ओंजळीने पाणी घेऊन वीरसिंगची दाढी भिजवायला लागला, आणि भिजवतच राहिला. म्हाताऱ्या माणसाचे केस राठ असतात, कातडी सैल असते, पाण्याची घाई करून चालत नाही. उजव्या हाताच्या चार बोटांनी त्याने गालाची कातडी कानाकडे ताणली आणि डाव्या हाताने पहिली ओढ वरून खाली घेतली. मग दुसरी. प्रत्येक बाजूनंतर तो उठून फांदीकडे गेला, वस्तरा परजला आणि परत आला. सुरकुत्यांच्या खोबणीत, नरड्याच्या गाठीवर, कानाच्या पाळीखाली, कुठे रक्त नाही. शेवटी त्याने उलट्या दिशेने एक हलकी फेरी घेतली. दाढी घोटली जाते ती त्या फेरीने, आणि कच्च्या धारेने ती घेतली तर कातडी सोलवटते.

वीरसिंगने तळवा गालावर खालून वर फिरवला. दुसऱ्या गालावरही फिरवला. फेटा मागून घेतला, डोक्याला गुंडाळला आणि साल ठरल्याचे नारळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

"उखाले दे. सगळा गावना."

"आबा, सालभर काही इपरीत झायं ते?" मघाचाच तो मागचा माणूस म्हणाला.

"मंग मन्हं तोंड पहिलं वाकडं व्हई. तू देखत ऱ्हा."

नारळवाला पुढे आला. उखाने आधी वस्तरा धुतला, पुसला, तळहातावर कोरडा केला आणि मिटला. मग दोन्ही हातांनी नारळ घेऊन धोकटीजवळ ठेवला. बैठक अजून उठली नव्हती. काही जण त्याच्याकडे बघत होते, काही मुद्दाम दुसरीकडे. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी पुढे मरेपर्यंत त्याला गाल दिला नाही, बन्सीलालच्या गावी चालत जाऊन दाढी केली. उखाने त्यांच्याकडून बलुतंही मागितलं नाही.

त्याने वाटीत ताजं पाणी घेतलं, पट्टा ताणून पाहिला आणि बसलेल्या गावाकडे वळला.

"आते कोन बसस?"